मनी एवढं खाते, तरी रोडावते का?

प्रश्न : आमच्याकडे मनी नावाची मांजर आहे, वय तेरा. गेल्या दिवाळीपासून तिची भूक एकदम वाढली. दूध-भाकरी, उरलंसुरलं मटण, उंदीर, सगळं खाते आणि पुन्हा ताटाभोवती ओरडत फिरते. रात्री तर घर डोक्यावर घेते. पण अंगानं निम्मी झालीय. हात फिरवला की पाठीचा कणा लागतो. आमच्या गुरांच्या डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला आणि ‘थायरॉईड वाढलेला वाटतोय, रक्त तपासून घ्या’ म्हणाले. मांजरालाही थायरॉईड होतो का? माझ्या सासूबाईंनाही थायरॉईड आहे, पण त्यांचं तर वजन वाढलं. त्यांच्या गोळ्या घरात आहेतच, त्यातली अर्धी मनीला चालेल का? शेजारी म्हणतात, वय झालंय, आता कशाला दवाखाने? तुमचं काय मत?
— एक वाचक, शेळगाव (ता. इंदापूर, जि. पुणे)

उत्तर : आधी गोळीचे सांगतो, कारण ते थांबण्यासारखे नाही. सासूबाईंची गोळी मनीला देऊ नका. अर्धी नाही, पावही नाही. त्यांचे वजन वाढले आणि रोजची गोळी चालू आहे, त्या अर्थी त्यांची थायरॉईड ग्रंथी बहुधा कमी काम करते. शरीरात जे संप्रेरक कमी पडते, तेच त्या गोळीतून भरून काढतात. मनीच्या बाबतीत तुमच्या डॉक्टरांना उलटी शंका आहे. तिच्या अंगात तेच संप्रेरक गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार होत असावे. त्यात बाहेरून आणखी भर घातली, तर आधीच धावणारे हृदय आणखी धावेल.

मांजराला हा आजार होतो?

होतो, आणि म्हाताऱ्या मांजरांत तो चांगलाच आढळतो. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये उतारवयातल्या मांजरांचा हा सर्वाधिक दिसणारा ग्रंथीविकार मानला जातो. निदान होते तेव्हा मांजर साधारण बारा-तेरा वर्षांचे असते. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांत तो क्वचितच सापडतो. मनीचे वय नेमके त्यात बसते.

थायरॉईड ग्रंथीचे दोन भाग श्वासनलिकेच्या दोन बाजूंना, कंठाच्या जरा खाली असतात. शरीरातल्या पेशींनी किती वेगाने इंधन जाळायचे, हे त्यांतले संप्रेरक ठरवते. एरवी या ग्रंथीवर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीची देखरेख असते. संप्रेरक पुरेसे झाले की वरून काम कमी करण्याचा इशारा येतो. म्हातारपणी काही मांजरांच्या ग्रंथीत गाठी वाढतात आणि त्या हा इशारा जुमानत नाहीत. दिवसरात्र संप्रेरक सोडत राहतात. दहातल्या सुमारे सात मांजरांत दोन्ही बाजूंना गाठी असतात. ‘गाठ’ म्हटले की घरात कॅन्सरची धास्ती बसते, म्हणून हेही सांगतो की शंभरातल्या दोन-तीन मांजरांतच ती कर्करोगाची निघते. बाकीच्यांत ती साधी वाढ असते.

हा आजार पशुवैद्यकाच्या नोंदीत आला तो फार जुना काळ नव्हे. १९७९ साली न्यूयॉर्कमधल्या ॲनिमल मेडिकल सेंटरच्या मार्क पीटरसन आणि सहकाऱ्यांनी त्याचे पहिले वर्णन केले. पुढच्याच वर्षी बॉस्टनहून दहा मांजरांची माहिती प्रसिद्ध झाली. तो का होतो, याचे एकच एक उत्तर मिळालेले नाही. डबाबंद खाद्य, डब्याच्या आतल्या लेपातली रसायने, खाद्यातले आयोडीनचे कमीजास्त प्रमाण, गाद्या-सोफ्यांत वापरली जाणारी आगरोधक रसायने अशा अनेक गोष्टींवर संशय घेतला गेला आहे, पण दोष कुणावरही सिद्ध झालेला नाही. त्यामुळे ‘आमचं काही चुकलं का’ हा विचार मनातून काढून टाका. हा आजार संसर्गजन्यही नाही. मनीजवळ झोपणाऱ्या मुलांना किंवा घरातल्या दुसऱ्या मांजराला तो लागणार नाही.

खाते आहे, म्हणजे बरी आहे ना?

तुमच्या पत्रातली हीच गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. गुरे सांभाळणाऱ्या घरात आजार ओळखण्याची एक पक्की खूण असते. गाईने चारा टाकला, रवंथ थांबला की डॉक्टरांना फोन जातो. गव्हाण साफ करणारे जनावर निरोगी, असे आपण धरून चालतो, आणि गाई-म्हशींच्या बाबतीत ते बहुतेकदा बरोबरही असते. या आजारात मात्र तीच खूण फसवते. इथे मांजर जितके हावरटासारखे खाते तितका आजार बळावत असू शकतो. घरातले मात्र ‘म्हातारपणीही भूक चांगली आहे’ म्हणून निश्चिंत राहतात आणि महिने निघून जातात.

गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडे सारत राहावे लागते, हात थांबला की जाळ उतरतो. मनीच्या अंगातला जाळ कुणीतरी सतत वाढवतो आहे. खाल्लेले पुरत नाही, तेव्हा शरीर स्वतःचीच चरबी आणि मग स्नायू जाळायला घेते. पाठीचा कणा हाताला लागतो तो त्यामुळे.

बाकीची लक्षणेही यातूनच येतात. मांजर अस्वस्थ होते, रात्री ओरडते, चिडचिडे होते. पाणी जास्त पिते, लघवी जास्त करते. उलट्या किंवा पातळ शौच होते. अंग चाटून नीटनेटके राहणाऱ्या मांजराचे केस विस्कटलेले, जटा झालेले दिसतात. उष्णता सोसत नाही, म्हणून एरवी उबेला येऊन बसणारी मांजर फरशीवर किंवा माठाजवळच्या ओल्या जागेवर अंग पसरून पडते. इंदापूर भागातल्या वैशाखात हे दिसले तर नवल वाटत नाही, पण थंडीतही ती अशीच गार जागा शोधत असेल तर लक्ष द्या. सुमारे दहात एका मांजरात मात्र चित्र अगदी उलटे असते. ते मलूल होते, खाणे सोडते आणि झिजत जाते. त्याचा आजार ओळखणे सर्वात अवघड.

खरा भार हृदयावर पडतो. दवाखान्यातल्या टेबलावर मांजराचे ठोके मिनिटाला २०० च्या आसपास असले तरी चालते. या आजारात ते २४० च्याही वर जातात, हृदयाचे स्नायू जाड होतात आणि ठोक्यांच्या आवाजात खरखर ऐकू येते. रक्तदाब वाढून डोळ्याचा पडदा सुटला, तर मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. भिंतीला धडकू लागलेली, बाहुल्या मोठ्या झालेली म्हातारी मांजर ही त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेण्याची गोष्ट आहे.

तपासणी कशी होते?

तुमच्या डॉक्टरांनी केले ते योग्यच केले. मांजराची हनुवटी वर करून अंगठा आणि तर्जनी श्वासनलिकेच्या दोन्ही बाजूंनी गळ्यापासून छातीपर्यंत हलकेच सरकवतात. निरोगी थायरॉईड हाताला लागत नाही. वाढलेली गाठ बोटांखालून टुणकन निसटते, कधी हरभऱ्याएवढी तर कधी त्याहून मोठी. पण गाठ लागली म्हणजे निदान झाले असे नाही, आणि नाही लागली म्हणून आजार नाही असेही नाही. रक्त तपासावेच लागते.

शिवाय खाऊन रोडावण्याची कारणे आणखीही आहेत. जंत हे पहिले. मधुमेहातही मांजर भरपूर खाते, पाणी ढोसते आणि वाळते. मनीच्या लघवीला मुंग्या लागत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा. म्हातारपणी मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, आतड्यांचे आजार होतात. म्हणून थायरॉईडसोबत साखर, मूत्रपिंड आणि यकृताच्या चाचण्या, लघवी आणि जमल्यास रक्तदाब, हे एकदमच करून घ्या.

थायरॉईडसाठी पाहतात ते रक्तातले टी-४, म्हणजे या ग्रंथीचेच संप्रेरक. इथे एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. रक्त माणसांच्या लॅबमध्ये गेले, तर रिपोर्टवर शेजारी माणसाची मर्यादा छापून येते. माणसाचे टी-४ साधारण ५ ते १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. मांजराचे साधारण १ ते ४, लॅबनुसार थोडे मागेपुढे. मनीचा आकडा ९ आला, तर माणसाच्या मर्यादेत तो ‘नॉर्मल’ दिसेल, प्रत्यक्षात मात्र तो दुपटीहून जास्त असेल. टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारे पीयूषिकेचे संप्रेरक, त्याच्या तपासणीचेही तसेच आहे. माणसासाठीच्या टीएसएच किटवर मांजराचा आकडा भरवशाचा येत नाही. म्हणून नमुना प्राण्यांच्या चाचण्या करणाऱ्या लॅबला पाठवायला सांगा, किंवा निदान रिपोर्ट पशुवैद्यांनाच वाचायला द्या. सुरुवातीच्या आजारात, किंवा सोबत दुसरा आजार असताना, टी-४ मर्यादेतही येऊ शकते. लक्षणे ठळक असतील तर काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात.

गावचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी-शेळ्यांसाठी असतो. त्या डॉक्टरांचाच सल्ला घेऊन बारामती किंवा पुण्यातले लहान प्राण्यांचे डॉक्टर गाठा. मोठ्या तपासणीसाठी बारामती-फलटण-लोणंद रस्त्याने शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयही तुमच्या आवाक्यात आहे.

नेताना मनीला पोत्यात घालू नका. आधीच जोराने धडधडणाऱ्या हृदयाला पोत्यातली घुसमट झेपत नाही. डाळिंबाची दोन रिकामी क्रेट एकमेकांवर पालथी घालून दोरीने बांधली, आत तिच्या वासाचे जुने लुगडे अंथरले आणि वरून पातळ फडके टाकले, की चांगला हवेशीर पिंजरा तयार होतो. उन्हाच्या आधी, सकाळी निघा.

उपचार कोणते?

जगात चार मार्ग वापरले जातात. पहिला, किरणोत्सारी आयोडीनचे इंजेक्शन. ते गाठीत जाऊन तिथल्याच पेशी मारते आणि बहुसंख्य मांजरे एका मात्रेत कायमची बरी होतात. पण त्यानंतर मांजराला काही दिवस वेगळे ठेवावे लागते आणि त्यासाठी खास परवानगीची रुग्णालये लागतात. दुसरा, शस्त्रक्रिया. ती करताना शेजारच्या, कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथींना धक्का लागू शकतो, आणि थकलेल्या हृदयाला भूल देण्याचा धोका वेगळाच. तिसरा, अत्यंत कमी आयोडीनचे तयार खाद्य. ते चालते, पण मांजराने दुसरा एक घासही खाल्ला नाही तरच. दुधातही आयोडीन असते. म्हशीचे दूध पिणाऱ्या आणि उसाच्या फडात उंदीर धरणाऱ्या मांजरीला हे पथ्य पाळणे शक्य नाही.

राहिला चौथा मार्ग, गोळी, आणि शेळगावच्या घरासाठी तोच खरा. औषधाचे नाव मेथिमॅझोल, किंवा शरीरात गेल्यावर मेथिमॅझोलच बनणारे कार्बिमॅझोल. कार्बिमॅझोल माणसांनाही देतात, त्यामुळे ते मेडिकलमध्ये मिळते. पण मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. ही गोळी गाठ घालवत नाही, तिच्यातून नवे संप्रेरक तयार होणे रोखते. म्हणून ती जन्मभर घ्यावी लागते. ‘आता बरी दिसते’ म्हणून बंद केली की आजार परत डोके वर काढतो.

सुरुवातीला गोळी बहुधा दिवसातून दोनदा असते. दुभती जनावरे असलेल्या घरात याचे वेळापत्रक आयतेच आहे. सकाळच्या धारेच्या वेळी एक, संध्याकाळच्या धारेच्या वेळी एक. साधारण बारा तासांचे अंतर आपोआप सांभाळले जाते. उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यात किंवा सायीच्या गोळ्यात गोळी दडवा. आधी एक रिकामा घास, मग गोळीचा, लगेच तिसरा रिकामा, असे दिले की मधला घास चघळत बसायला तिला सवड मिळत नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी कुटू किंवा तोडू नका. गोळी दिल्यावर हात धुवा. घरात गरोदर बाई असेल तर तिने ही गोळी हाताळू नये आणि मांजराची घाणही काढू नये. आषाढात तुकोबांची पालखी अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे तुमच्या रस्त्याने जाते, तेव्हा घर माणसांनी भरते आणि गोळी राहून जाते. राहिली तर राहू द्या, पुढच्या वेळी दोन देऊ नका. त्या दिवशी मनीला आतल्या खोलीत पाण्यासह ठेवा.

पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाहा. थोडी उलटी, मलूलपणा, भूक मंदावणे हे सुरुवातीला होते आणि डॉक्टर मात्रा कमी करून ते आटोक्यात आणतात. पण चेहरा आणि मान खाजवून जखमा होणे, हिरड्या किंवा कानाची आतली बाजू पिवळी पडणे, कुठूनही रक्त येणे, ताप, खाणे पूर्ण बंद, यातले काही दिसले तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. औषध सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासायचे, आणि सगळे बसले की दर तीन ते सहा महिन्यांनी.

ही पुनर्तपासणी टाळू नका. या आजारात मूत्रपिंडांतून रक्त जोराने वाहते, त्यामुळे ती अधू असली तरी रिपोर्ट चांगला येतो. औषधाने रक्ताचा जोर उतरला की आतले दुखणे दिसू लागते. घरच्यांना वाटते, गोळीने किडनी खराब केली. बहुतेकदा ते दुखणे आधीपासूनच असते, फक्त झाकलेले. तसे निघाले तर डॉक्टर दोन्ही आजारांचा तोल पाहून मात्रा ठरवतात.

घरी काय सांभाळायचे?

वजन. दर पंधरा दिवसांनी, त्याच काट्यावर, टोपलीसह मनीला तोला आणि टोपलीचे वजन वजा करून कॅलेंडरवर लिहा. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे. डोळ्यांना ते कळत नाही, काट्याला कळते.

श्वास. ती गाढ झोपलेली असताना छातीचे वरखाली होणे एक मिनिट मोजा. तीसच्या आत असावे. सतत वर जात असेल तर डॉक्टरांना कळवा. मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर वाट पाहू नका.

खाणे. नुसत्या दूध-भाकरीवर मांजराचे भागत नाही. तिला टॉरिन नावाचा घटक मांसाहारातूनच मिळवावा लागतो. तो कमी पडला तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी, अंडे, मासे थोडे थोडे करून द्या. मटणाच्या रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहे, म्हणून तुकडे फोडणीआधीच बाजूला काढा. दुधाने पोट बिघडत असेल तर ते बंद करा. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. आणि ताप किंवा दुखणे वाटले म्हणून तिला क्रोसिनसारखी पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नका. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

वय झाले आहे, कशाला दवाखाने?

शेजाऱ्यांचा हेतू वाईट नाही, पण त्यांचे म्हणणे मला पटत नाही. वय हे मनीच्या रोडावण्याचे कारण नाही. तिला आजार असावा, आणि तो असा की गोळीने आटोक्यात येतो. अमेरिकेत २००६ साली या आजाराच्या १६७ मांजरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांत मूत्रपिंडे आधीपासून बिघडलेली नसलेल्या आणि केवळ मेथिमॅझोलवर ठेवलेल्या मांजरांपैकी निम्मी दोन वर्षे किंवा त्याहून जास्त जगली. मांजराच्या आयुष्यात दोन वर्षे थोडी नव्हेत. औषध लागू पडलेले मांजर रात्रीचे ओरडणे थांबवते, अंगावर मांस धरते, पुन्हा स्वतःचे अंग चाटू लागते.

तपासणीत मूत्रपिंडे फारच बिघडलेली निघाली, किंवा गाठ त्या दोन-तीन टक्क्यांतली निघाली, तर निर्णय वेगळा होऊ शकतो. तेव्हा तिला त्रास होऊ न देणे एवढेच उद्दिष्ट ठेवणेही योग्यच. पण तो निर्णय रिपोर्ट हातात घेऊन करायचा, वयाकडे बोट दाखवून नव्हे. तेरा वर्षे जिने तुमच्या कणगीतले धान्य उंदरांपासून राखले, तिचे एवढे तरी आपण लागतो. या आठवड्यात तिचे वजन करून लिहून ठेवा आणि रक्ताच्या तपासणीची वेळ घ्या. गोळीचा विचार त्यानंतर.